शिरोळला नेलेला भारा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पाचटाचा भारा बांधणं. ऊस तोडून नेला की रानात गुडघाभर वाळका पाला उरतो, ते पाचट. कोरडं पाचट वळायला गेलं की मोडतं, म्हणून शालन तांब्यातनं पाणी शिंपडायची आणि मी पाल्याला पीळ देऊन बंध वळायचा. तिचं तोंड चालूच. "दाबा की जरा. भारा बांधताय का पोराला टोपडं घालताय?" मी गुडघा रोवला, बंध आवळला. गाठीचं टोक तिनं डाव्या हातानं आत खुपसलं. ती डावखुरी होती. तिची गाठ उलटी बसायची, दुसऱ्या कुणाला लवकर सुटायची नाही. भारा मी गोठ्याच्या माळ्यावर टाकला आणि आम्ही घरी जाऊन भाकरी खाल्ली. आमटी खारट झाली होती. मी तसं बोललोही.

त्याच सांजेला खालच्या अंगाच्या बंडानं आपल्या फडातलं पाचट पेटवलं. आमच्याकडं सगळेच पेटवतात. आम्ही दोघं तेवढे पेटवत नव्हतो, कारण तिला दमा. धूर आमच्या घरात शिरला आणि पहाटेला शालन गेली. डॉक्टरनं दमा सांगितला. दमा तिला म्हातारपण लागायच्या आधीपासनं होता, त्यानं कधी नेली नव्हती. धुरानं नेली. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगतो.

डेअरीचा कट्टा

तिचं वर्षश्राद्ध झालं आणि शिवारात पुन्हा तोडी सुरू झाल्या. आमचं गाव राधानगरीच्या खालच्या अंगाला. सकाळी दूध घालायला सगळा गाव डेअरीवर गोळा होतो. तिथं मी उभा राहिलो आणि म्हटलं, "ह्या साली शिवारात कुणी काडी वढायची न्हाय."

हसले सगळे. बंडा तर किटली खाली ठेवून हसला. बंडा पन्नाशीचा गडी, रान माझ्या रानाला लागून, ट्रॅक्टर घरचा.

"तात्या, मग पाचटाचं काय लोणचं घालू?"

"शिरोळला नेऊन घाल. तितं नवा कारखाना झालाय. पाल्यापास्नं इथेनॉल काढत्यात. पेट्रोलात घालायचं."

हे मला दुधाच्या टँकरवाल्यानं सांगितलं होतं. मळीपासनं काढतात ते सगळ्यांना माहीत. पाल्यापासनं म्हटल्यावर डेअरीचा सेक्रेटरीसुद्धा माप टाकून हसला.

"पाल्यावर गाडी पळती व्हय? मग माझी म्हस का पळत न्हाय?"

"तू तिला खायाला घालतोस कुठं," मी म्हटलं.

मग बंडानंच तोडगा काढला. मी शिरोळला जाऊन यायचं. तोवर कुणी पेटवायचं नाही. कारखाना पाचट घेतो म्हणाला तर गावात काडी नाही. नको म्हणाला तर मी पुन्हा धुराचं नाव काढायचं नाही.

"कबूल," मी म्हटलं. "पर ट्रॅक्टर तू हाणायचास."

"मी कशाला?"

"तुझ्या डोळ्यांनी बघायला."

त्या दिवशी मी पाचट गोळा केलं. शालनचा तांब्या घेतला, पाणी मारलं, भारे आवळून बांधले. ट्रॉली भरली आणि दव लागू नये म्हणून वरनं ताडपत्री घट्ट ओढली. सगळ्यात वर माळ्यावरचा तो जुना भारा ठेवला. बंडाला बजावलं, "ह्यो दाखवायचा. भारा कसा बांधत्यात ते त्यास्नी कळू दे. द्यायचा न्हाय."

बंडा गाठीकडं बघत राहिला.

बिद्री

बिद्रीत पोचलो तेव्हा तिथल्या साखर कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरांची आणि बैलगाड्यांची रांग लागलेली. गाळपाच्या दिवसांत ह्या रस्त्याला मळीचा वास असतो. नवख्याला मळमळतं, आम्हाला भूक लागते. सगळ्या ट्रॉल्यांत ऊस आणि आमच्या एकट्याच्या ट्रॉलीत पाला. एक ड्रायव्हर रांगेतनं ओरडला, "ओ पावणं, ऊस घरात इसरला काय?"

बंडाचे कान लाल. "तात्या, खाली वाका. माझ्या सासरवाडीची माणसं असत्यात हितं."

मी उलटा उठून उभा राहिलो. "ऊस तुमी न्या! उद्या तुमच्या गाडीत आमचा पाला जळणार हाय!"

रांगेतले लोक टाळ्या पिटायला लागले. टाळ्या थट्टेच्या होत्या, पण मी हात वर करून घेतल्या. बंडानं असा गिअर टाकला की मी बदकन भाऱ्यावर बसलो.

पुढं गाडी थांबवून भजी खाल्ली आणि निघालो, तर ताडपत्रीचा एक कोपरा सुटला आणि पाल्याचा झोत मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर गेला. नवरा-बायको दोघं पांढऱ्या कपड्यांत, कुठल्यातरी साखरपुड्याला निघालेले. बाईनं बंडाला जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही. मी ताडपत्री आणखी आवळली. जेवढी आवळली तेवढा आमचा घात करत होतो, हे तेव्हा कळलं नाही.

शिवाजी पेठ

मुक्काम शालनच्या भावाकडं, शहरातल्या शिवाजी पेठेत. गल्ली एवढी अरुंद की ट्रॉली तालमीजवळ लावून चालत जावं लागलं. आमच्याकडं सांज झाली की गळ्यातल्या घंटा वाजत जनावरं परततात. पेठेत सांज झाली की फुटबॉलवरनं भांडणं सुरू होतात. दोन म्हातारे, माझ्याच वयाचे, एका गोलवरनं एकमेकांची गचांडी धरून उभे. आम्ही जेवून बाहेर आलो तरी उभेच, फक्त आता दोघांच्या हातात एकाच टपरीचा चहा होता.

मेव्हण्याच्या घरात पांढरा रस्सा केला होता. बंडा तीन वाट्या प्याला. मेव्हणा मला म्हणाला, "दाजी, झालं गेलं ते झालं. म्हातारपणी गावाशी वैर कशाला घेता?"

"मी न्हाय घेतलं. धूर माझ्या घरात आला. मी कुणाच्या घरात गेलो न्हाय."

बंडाची वाटी मधेच थांबली. मेव्हण्याला माहीत नव्हतं धूर कुणाच्या फडातला. मी सांगितलं नाही. सांगायला मी भीत नाही, पण माणूस जेवत होता.

मेव्हण्याची बायको ट्रॉली बघायला आली. जुना भारा दिसल्यावर तिनं गाठीवर हात ठेवला. "ही शालनवन्सांची गाठ," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून माघारी गेली. कुणी काही सांगितलं नव्हतं तिला.

सकाळी बंडाला दूध कट्ट्यावर नेलं. भर रस्त्यावर म्हशी बांधलेल्या, पिळून तिथंच पेल्यात देतात, फेसासकट, कोमट. बंडाला पांढऱ्या मिशा आल्या. म्हणाला, "तात्या, आपली म्हस घरात आणि दूध डेअरीत. ह्यांची म्हस रस्त्यावर आणि दूध पोटात. शाणं कोण?"

पहिल्यांदा आम्ही दोघं एका गोष्टीवर हसलो. मला ते आवडलं नाही.

शिरोळच्या अंगाला

तुम्ही आमच्या डोंगराकडची माणसं असाल आणि शिरोळकडं गेला नसाल तर सांगतो. तिकडं डोंगर नावाला नाही. जमीन काळी आणि पाटासारखी सपाट, आभाळ पार रानाला टेकलेलं. ऊस मात्र असा, की बंडानं गाडी थांबवून पेरं मोजली आणि शिवी दिली. टपरीवर निम्मी माणसं कानडीत बोलतात, शिव्या तेवढ्या मराठीत देतात.

कारखाना नवा, रंग अजून ताजा. नाव सांगत नाही, त्यांनी मला सांग म्हटलं नाही आणि मीही सांगू का म्हणून विचारलं नाही. फाटकावर एक माणूस हातात लोखंडी सळई घेऊन उभा. सळईला वर काटा. भाऱ्यात खुपसली की आत ओल किती ते कळतं. त्यानं पहिल्या भाऱ्यात खुपसली.

"वल्ला."

दुसऱ्यात. "वल्ला." तिसऱ्यात हात घालून बघितला आणि मलाही घालायला लावला. आत कोमट लागलं, उकिरड्यात हात घातल्यासारखं. वर पांढरी बुरशी धरायला लागली होती.

"पाणी मारलंय काय ह्याला?"

"मारलंय की! पाण्याबिगर भारा बांधून दाखव मला."

"आमाला भारा नको पावणं. पाला पायजे, कोरडा. न्या माघारी."

शालननं जन्मभर पाणी मारून भारे बांधले. तिला कुणी चूक म्हणालं नव्हतं. माझं डोकं फिरलं.

"बंडा, गाडी आडवी लाव."

"आँ?"

"फाटकात आडवी लाव. कोण मालक असंल त्यो येऊ दे. तवर हितनं हलणार न्हाय."

मला वाटलं बंडा ऐकणार नाही. त्याच्या तर मनासारखं झालं होतं. पण सळईवाला त्याला म्हणाला, "ए, म्हाताऱ्याला घिऊन जा," आणि ते बंडाला झोंबलं. "म्हातारा कुणाला म्हंतोस? तात्या म्हण!" आणि त्यानं ट्रॅक्टर खरंच आडवा लावला. मागं ट्रकवाल्यांनी हॉर्नचा कहर केला. मी ट्रॉलीवर मांडी घालून बसलो.

आतनं एक पोरगी आली, पांढरा कोट, पायात बूट. अश्विनी नाव. तिथली केमिस्ट. सीमेवरच्या गावची, त्यामुळं मला तात्या नाही, अज्जा म्हणाली. त्यांच्याकडं आजोबाला तसं म्हणतात.

"अज्जा, खाली उतरा की. पडशीला की हो."

"पडलो तर हितंच पडंन. पाला घेणार का न्हाय ते सांग."

"आधी आत येऊन बघा काय करतो आम्ही. मग भांडा. भांडायला तरी माहिती पाहिजे की नको?"

हे मला पटलं. ट्रॅक्टर बाजूला घ्यायला लावून मी उतरलो.

आत तिनं सगळं दाखवलं. पाला आधी बारीक कापतात, धुऊन माती काढतात. मग आम्लाच्या पाण्यात वाफेवर शिजवतात, जसा हरभरा कुकरात. एवढं शिजवूनही पाला पालाच राहतो, त्यात गोडी येत नाही. मग त्यात एक औषध घालतात, ते पाल्याचा धागा तोडून त्याची साखर करतं.

"पाल्यात साखर?" बंडा म्हणाला. "मग आमी आजवर नुसता रस काढून वरची साखर जाळालतो?"

"जाळत होता," ती म्हणाली. ते माझ्यापेक्षा तिनं बोललेलं बरं.

पुढं उंच टाक्या. शिडीवरनं वर नेलं आणि एक झाकण उघडलं. खाली तपकिरी रस, वर फेस, फेसात बुडबुडे चढतायत आणि फुटतायत. आणि वास. वास आला आणि मी कठडा धरला. शालन आंबोळीचं पीठ भिजवून गोधडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवायची. सकाळी झाकण काढलं की हाच वास. धाकलं पोर असल्यासारखं गुंडाळायची. मी म्हणायचो, पिठाला काय थंडी वाजतीया? तर म्हणायची, व्हय, वाजतीया.

"ह्याला थंडी वाजती का?" मी अश्विनीला विचारलं.

ती हसली नाही. "यीस्टला ना? वाजते की. ऊनही लागतं. फार तापलं तर मरतं, गार पडलं तर झोपतं. साखर खातं, हवा सोडतं आणि दारू करतं. अंगाबरोबरची ऊब लागते त्याला."

"म्हंजे दारूच की ही!" मी म्हटलं. दारूचा मला राग आहे. शालननं गावातली भट्टी फोडायला बायका गोळा केल्या होत्या.

"माणसानं प्यायची नव्हे अज्जा. गाडीनं प्यायची. ऊर्ध्वपातन करतो, पाणी पार काढतो. मग पेट्रोलात."

"आणि त्या यीस्टचं पुढं काय हुतं?"

"दारू वाढत गेली की तीच त्याला सोसत नाही. आपल्याच दारूत मरतं."

बंडा म्हणाला, "असली आमच्या गावात लई हैत," आणि ती पोरगी कठड्याला धरून हसली.

मग मी मुद्द्यावर आलो. "माझा पाला का नको?"

"वल्ला पाला ढिगात तापतो, त्यात बुरशी येते. साखर ती आधी खाऊन टाकते. आमच्या यीस्टच्या पानात वाढायच्या आधीच दुसरी पंगत जेवून जाते. मग यीस्ट काय खाणार?" मग म्हणाली, "तुमच्याकडं लाल माती, पाऊस जास्त. तिकडचा पाला आम्ही अजून बघितलेलाच नाही. एक कोरडा भारा द्या. शिजवून, आंबवून बघते. बरा निघाला तर गोळा करायचं मशीन तुमच्याकडं पाठवा म्हणून साहेबांना सांगते. नमुन्याशिवाय कुणी ऐकणार नाही माझं."

आम्ही ट्रॉलीपाशी आलो. ती सळई एकेका भाऱ्यात खुपसत गेली. वल्ला, वल्ला, वल्ला. शेवटी जुन्या भाऱ्यात खुपसली आणि काटा जागचा हलला नाही.

"हा बघा की! कडकडीत. हा द्या."

"ह्यो न्हाय."

"का हो अज्जा?"

मी भाऱ्यावर हात ठेवला. बंडानंच हळू सांगितलं, "काकूनं बांधल्याला हाय. शेवटचा."

तिनं सळई काढून घेतली. सळईवाला दुसरीकडं बघायला लागला. आता सगळं माझ्यावर आलं. भारा घरी नेला तर गाव पेटवणार आणि मी बोलायचं नाही असा शब्द दिलेला. पुन्हा कुणाच्यातरी घरात धूर शिरणार, आणि माझ्या माळ्यावर भारा शाबूत. शालन असती तर म्हणाली असती, पाल्याला काय कवटाळून बसलाय, सोडा तिकडं. तिला वस्तूंचा सोस नव्हता. मला आहे.

"देतो," मी म्हटलं.

सळईवाला विळा घेऊन आला. "बंध कापायचा न्हाय!" मी ओरडलो. गाठ सोडायला बसलो. उजव्या हातानं सुटेना. कितीदा बघितलं होतं तिला बांधताना, पण सोडायची वेळ कधी आली नव्हती. मग डावा हात लावला, टोक मागं ढकललं आणि गाठ सुटली. भारा उघडून पडला. आतला पाला अजून पिवळाधमक होता. बंध तेवढा मी गुंडाळून सदऱ्याच्या खिशात घातला. पाला पोरगी घेऊन गेली. जाताना म्हणाली, "आंबायला काही दिवस लागतील. मी फोन करते. तोवर रानात पाला पसरून वाळू द्या, आणि जाळू नका."

"ते मला नगं सांगू," मी म्हटलं. "ह्याला सांग." आणि बंडाकडं बोट केलं.

माघारी

परतीला पेठेत थांबलो नाही. वल्ले भारे मागं उघडेच टाकले होते. बिद्री मागं पडल्यावर बंडा इंजिनाच्या आवाजात म्हणाला, "त्या सांजेला वारं तुमच्याकडं फिरंल असं वाटलं न्हवतं, तात्या."

"त्या दिवसांत वारं माझ्याच घराकडं येतंय. तुला ठावं हुतं."

तो पुढं बघून गाडी हाणत राहिला. मी त्याला माफ केलं असं कुणी समजू नये. केलेलं नाही. पण खोटं बोलला नाही, तेवढं लिहितो.

डेअरीवर सांजचं दूध चाललं होतं. भरलेली ट्रॉली बघून सेक्रेटरी म्हणाला, "आला का पाला माघारी? चला, बंडा, काडी काढ!"

"नमुना घेतलाय त्यांनी," मी म्हटलं. "फोन येणार हाय."

"म्हंजे घेतलं न्हाय. शब्द शब्द असतो, तात्या."

"गेला खड्ड्यात शब्द," मी म्हटलं. "पेटवायचं असंल त्यानं आधी मला रानातनं उचलून बाहीर ठेवायचं."

सगळे बंडाकडं बघायला लागले. त्यानं किटली घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. मग म्हणाला, "मी बघितलंय. पाल्याची साखर हुती, साखरंचं बुडबुडं येत्यात. आमच्या पाल्याचं बुडबुडं येतोवर माझ्या फडात काडी न्हाय. आणि माझ्या बांधाला ज्यांचं रान लागतं त्यांनीबी वढायची न्हाय. वारं काय सांगून येत न्हाय."

सेक्रेटरी तोंडात पुटपुटला. पण मधलं रान बंडाचंच, ते टाळून कुणाला पेटवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी रानात गेलो. कारखाना घेवो न घेवो, पाला वाळवायचा होता. ट्रॉली बंडानं आधीच बांधाला आणून लावली होती, स्वतः कुठं दिसला नाही. मी पहिला भारा खाली ओढला, गुडघा रोवला आणि तेव्हा लक्षात आलं की सवयीनं शालनचा तांब्या भरून आणलाय. शिंपडायला. तांब्या हातात धरून उभा राहिलो थोडा वेळ. मग ते पाणी प्यालो आणि भारे सोडायला लागलो.